मोटारींतील गारव्याचें पाणी व त्याचा निचरा

जमिनीस पाणी देणें ही निम्मी शेती, आणि दिलेल्या पाण्याला बाहेर जाण्यास वाट ठेवणें ही उरलेली निम्मी शेती, हें कालव्याखालच्या बागाइतदारास निराळें सांगावयास नको. हाच नियम आपल्या दारांत उभ्या असलेल्या मोटारीलाही लागू आहे, हें मात्र मला स्वतःचें नुकसान झाल्यावर कळलें. बारामती व इंदापूर या तालुक्यांत आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं मोटार आहे. ट्रॅक्टरच्या आणि ऊस तोडणाऱ्या यंत्रांच्या बंद केबिनींतही गारव्याची सोय आलेली आहे. तेव्हां हा विषय शेतकी मासिकांत अस्थानीं ठरणार नाहीं, असें वाटून हा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहें.

नुकसान कसें झालें

महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ मीं कारकुनी केली. एवढ्या अवधींत कोणाचा कागद माझ्या हातून भिजला नाहीं, याचा मला थोडा अभिमान होता. निवृत्तीनंतर एक जुनी मोटार घेतली. गेल्या भाद्रपदांत भाच्याच्या बांधाच्या तक्रारीची तारीख इंदापुरास होती. तक्रार त्याची, कागद सांभाळण्याचें काम माझें. मूळ खरेदीखत, जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशा असें दप्तर कापडी पिशवींत बांधून मीं डाव्या बैठकीपुढें पायाशीं ठेविलें आणि आम्ही भिगवणहून निघालों. पाऊस नव्हता, पण उकाडा फार होता. म्हणून गारवा चालू केला.

इंदापुरास उतरून पिशवी उचलली, तों तिचा तळ ओलाचिंब. खरेदीखताच्या खालच्या पानांवरील शिक्क्यांची शाई फुटली होती व नकाशाच्या घड्या एकमेकींस चिकटल्या होत्या. मूळ कागद दाखवितां न आल्यामुळें तारीख पुढें गेली. नक्कल हातीं येईपर्यंत बांधालगतच्या वादाच्या पट्ट्यांत भाच्याला पेरणी करतां आली नाहीं, आणि तेवढा रब्बीचा पेरा त्या वर्षापुरता बुडाला. रागावून तो कांहीं बोलला नाहीं. पण त्याच्या न बोलण्याचें मला अधिक वाईट वाटलें.

पाणी आलें कोठून याचा शोध सुरू झाला. एका दुरुस्तीच्या कारखान्यांत, पावसाचें पाणी पुढच्या काचेच्या कडेनें येत असावें असें सांगून काचेचें रबर बदललें. पाणी थांबलें नाहीं. मग सबंध डॅशबोर्ड उतरवून आंतील कूलिंग कॉइल बदलावी लागेल व त्यास १८,००० रुपये पडतील असें सांगण्यांत आलें. पैशांची जुळवाजुळव करण्याच्या विचारांत असतांना एके दिवशीं भिगवण येथें हमरस्त्यावर चाकाची हवा पाहण्यासाठीं थांबलों. चहाच्या टपरीसमोर पांच-सहा मोटारी उभ्या होत्या. हवा भरणारे गृहस्थ खालीं वांकून म्हणाले, "भाऊसाहेब, सगळ्या गाड्यांखालीं पाणी ठिबकतंय आन् तुमच्याच गाडीखालीं कोरडं ठाक. एसी तर तुम्हीबी लावून आलाय. मग पाणी गेलं कुठं?"

प्रश्न अगदीं साधा होता आणि त्यांतच उत्तर होतें. जें पाणी बाहेर पडावयास हवें होतें तें बाहेर पडत नव्हतें. म्हणून तें आंत पडत होतें. त्या गृहस्थांनीं आपल्या शेतांतील ठिबकच्या उरलेल्या मायक्रोट्यूबचा हातभर तुकडा आणला, गाडीखालील रबरी नळीचें तोंड शोधलें आणि तुकडा हलक्या हातानें आंत फिरविला. मातीचा एक गोळा गळून पडला. कुंभारीण माशीनें नळीच्या तोंडांत आपलें घर बांधलें होतें! त्यामागून तांब्याभर गढूळ पाणी भळभळां बाहेर आलें. १८,००० रुपयांचें काम एका चहावर झालें.

हें पाणी येतें कोठून

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हें पाणी यंत्रांत भरलेल्या गॅसचें किंवा इंजिनाचें असावें. तसें नाहीं. तें हवेंतील आहे. थंड पाण्यानें भरलेला तांब्या पावसाळ्यांत ओट्यावर ठेवला तर त्याच्या बाहेरील अंगास जसें पाणी सुटतें, तसेंच हेंही आहे. डॅशबोर्डच्या पाठीमागें बारीक नळ्यांची व पातळ पत्र्यांची एक जाळी असते. तिला मिस्त्री लोक कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यांतून गॅस फिरतो व ती थंड होते. पंख्यानें ढकललेली उष्ण हवा तिच्यावरून जातांना थंड होते आणि हवेंतील बाष्प जाळीवर पाणी होऊन जमतें. तें खालच्या पन्हळींत उतरतें व तेथून बोटाएवढ्या रबरी नळीनें गाडीच्या तळाबाहेर पडतें. आपल्याकडील गाड्यांत चालक उजवीकडे बसत असल्यामुळें ही जाळी बहुधा मध्यभागीं किंवा डावीकडील खणामागें असते. म्हणून नळी तुंबली म्हणजे डाव्या बैठकीपुढील गालिचा प्रथम भिजतो.

पाणी किती निघतें याचा हिशेब जुन्या संवयीनें मीं मांडून पाहिला. हवेचें तपमान ३० अंश सेंटिग्रेड असेल तर बाष्पानें पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम पाणी मावतें; १० अंशांस केवळ सुमारें साडेनऊ ग्रॅम मावतें. भाद्रपदांतील हवा ३० अंश उष्ण व सत्तर टक्के आर्द्र धरली तर घनमीटरांत २१ ग्रॅम पाणी झालें. ती १० अंशांपर्यंत थंड केली कीं साडेअकरा ग्रॅम जाळीवर राहिलें. बाहेरची हवा आंत घेणारा पंखा तासाला १०० घनमीटर हवा ढकलतो असें मानलें, तरी तासांत एक लिटरहून अधिक पाणी निघतें. भिगवणहून पुण्यास जाण्यास दोन तास धरले, तर दोन लिटरांहून अधिक पाणी गालिच्याखालीं जमा! आंतलीच हवा फिरविण्याची कळ दाबलेली असल्यास तें कमी होतें, इतकेंच.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आपला मुलूख पर्जन्यछायेंतील. चैत्राच्या दुपारीं हवा ४० अंश तापलेली असते, परंतु आर्द्रता १५ टक्केच असेल तर घनमीटरांत पावणेआठ ग्रॅमांच्या आसपासच पाणी असतें. म्हणजे १० अंशांपर्यंत थंड केलेल्या हवेंत जितकें पाणी सहज मावतें त्याहूनही तें कमी. अशा दिवशीं नळींतून थेंब पडला तर पडला. म्हणून उन्हाळ्यांत थेंब दिसत नाहीं एवढ्यावरून नळी तुंबली असें समजूं नये; आणि गालिचा कोरडा आहे एवढ्यावरून नळी मोकळी आहे असेंही समजूं नये. निचऱ्याचा दोष उन्हाळ्यांत झोंपतो व आषाढांत उठतो. आणि पावसाळा असल्यामुळें आपण त्याचा आळ पावसावर घालतों. माझें नेमकें असेंच झालें.

येथें एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. हवा थंड व कोरडी करण्याची आधुनिक योजना अमेरिकेंतील विलिस कॅरियर या इंजिनियरानें १९०२ सालीं ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं आखली. दमट हवेनें कागद फुगत व रंगांची छपाई एकावर एक नीट बसत नसे, ही अडचण दूर करण्यासाठीं ती होती. पुढें १९३९ सालीं पॅकार्ड कंपनीनें अशी सोय कारखान्यांतूनच बसविलेली मोटार पुढें आणली. कागद ओलाव्यापासून वांचविण्यासाठीं ज्या यंत्राचा जन्म झाला, त्यानेंच माझें दप्तर भिजवावें, हा केवळ एका नळीच्या हयगयीचा परिणाम होय.

दोष ओळखण्याच्या खुणा

(१) दमट दिवशीं गारवा पंधरा-वीस मिनिटें चालवून गाडी सपाट, कोरड्या जागीं उभी करावी. खालीं थेंब पडत नसतील तर नळीविषयीं संशय घ्यावा.

(२) डाव्या बैठकीपुढील चटई उचलून गालिच्यावर तळहात दाबावा. वरून कोरडा लागला तरी त्याखालील स्पंजांत पाणी असूं शकतें.

(३) वळणावर किंवा ब्रेक लावतांना डॅशबोर्डमागें घागर हिंदकळल्यासारखा आवाज येतो. कधीं पायावर गार थेंब पडतो.

(४) पंखा सुरू करतांच कुबट वास येतो. ओल्या जागीं बुरशी धरते. दम्याच्या माणसास ही हवा त्रासदायक होते.

मात्र प्रत्येक ओल या नळीचीच असते असें नाहीं. पाणी रंगीत, चिकट व गोडसर वासाचें असेल तर तें इंजिन थंड ठेवणारें कूलंट होय. तें विषारी असतें. मुलांना व कुत्र्यामांजरांना त्यापासून दूर ठेवून गाडी लगेच मिस्त्रीकडे न्यावी. गारवा बंद असतांना केवळ पावसांत पाणी येत असेल तर दरवाजाचें रबर किंवा काचेखालील जाळींत साचलेला पाला पहावा. गारवा लावल्यावरच आणि पाऊस नसतांनाही येणारें स्वच्छ, बिनवासाचें पाणी हें मात्र बहुतेक याच नळीचें.

नळी मोकळी करण्याची रीत

गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें, हातब्रेक ओढावा व चाकांस दगडाची अटक लावावी. इंजिन निवेपर्यंत थांबावें. पुष्कळ गाड्यांत नळीचें तोंड डाव्या पुढील चाकाच्या मागील बाजूस, इंजिन व बैठक यांमधील पत्र्यांतून बाहेर आलेलें दिसतें. त्याला बहुधा रबराचें कोपर असतें. ओणवें होऊन हात पोंचत असेल तरच काम स्वतः करावें. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही कधींही शिरूं नये. जॅक निसटून माणसें दगावतात. ओल्या गालिच्यापायीं जीव धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं. तोंड हाताला येत नसेल तर सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर गाडी न्यावी आणि "आधीं ड्रेन पाइप पहा" असें स्पष्ट सांगावें.

तोंड सांपडल्यावर प्रथम तें बोटांनीं हलकेंच दाबून मळ सुटतो का पहावें. नंतर मायक्रोट्यूबचा किंवा जाड नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा, टोंक गुळगुळीत करून, फिरवीत आंत सारावा. चार-सहा बोटांपलीकडे जोर लावूं नये. पाणी एकदम येतें, म्हणून तोंड बाजूस ठेवावें. पाणी वाहून गेल्यावर तुकडा काढून घ्यावा, गारवा पुन्हां चालू करावा आणि थेंब नियमित पडूं लागले म्हणजे काम झालें असें समजावें. ओलें ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप कोणाकडे असेल तर नळीच्या तोंडाला लावून मळ खालच्या बाजूस ओढून घेणें ही सर्वांत निर्धोक रीत होय. कारण तींत मळ आला त्याच वाटेनें खालीं जातो.

काय करूं नये

लोखंडी तार वापरूं नये. कूलिंग कॉइल बहुधा ॲल्युमिनियमची व नाजूक असते. तारेचें टोंक लागून छिद्र पडलें तर गॅस उडून जातो आणि टाळलेला खर्च दुपटीनें अंगावर येतो. पंक्चरच्या दुकानांतील मोठ्या दाबाची हवा नळींत सोडूं नये. आंतला सांधा निसटतो किंवा पाणी उलट पंख्यावर व विजेच्या तारांवर उडतें.

आपल्या बागाइतदार बंधूंना येथें एक खास इशारा द्यावासा वाटतो. ठिबकचे ड्रिपर क्षारांनीं बंद झाले म्हणजे आपण नळ्यांतून आम्ल सोडतों. त्याच संवयीनें मोटारीच्या नळींत आम्ल सोडण्याचा मोह होईल. तसें मुळींच करूं नये. ठिबकची नळी प्लॅस्टिकची असते, तिला आम्ल सोसतें. ॲल्युमिनियमला तें खातें. ब्लीचिंग पावडरचें पाणीही वर्ज्य समजावें; तें धातूलाही बाधतें आणि त्याची वाफ पंख्यानें थेट आपल्या नाकांत येते. शिवाय, येथील तुंबारा क्षाराचा नसून माती, पाला, जाळीं व शेवाळ यांचा असतो. त्याला आम्लाची गरजच नाहीं.

नळी मोकळी झाली तरी गालिच्याखालील ओल आपोआप जात नाहीं. चटई काढून उन्हांत टाकावी, गालिचा उचलतां येईल तितका उचलून खालीं विटेचा तुकडा किंवा लाकडाची चीप द्यावी, कोरड्या फडक्यानें स्पंज दाबून पाणी टिपावें आणि दारें उघडून दोन-तीन दिवस वारा द्यावा. खालून विजेच्या तारा गेलेल्या असतात, व कांहीं गाड्यांत एअरबॅगची नियंत्रक पेटी मध्यभागीं जमिनीलगतच असते. म्हणून खालचे जोड आपण स्वतः सोडूं नयेत. पाणी तेथवर पोंचलें असेल किंवा समोर एअरबॅगचा दिवा लागला असेल तर जाणत्या मिस्त्रीस दाखवावें.

वर्षाची वहिवाट

विहिरीचा गाळ आणि शेताचा चर जसा वेळेवर काढतों, तशीच ही नळीही वर्षांतून दोनदां पहावी. मृगापूर्वीं एकदां, कारण पाण्याचे दिवस पुढें असतात. आणि ऊसतोडणीचा हंगाम संपल्यावर एकदां, कारण त्या दिवसांत रस्त्यावर माती, पाचटाची राख व भुसा यांचा मारा होतो. डावीकडील खणामागें हवा गाळणारा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत असतो. तो गाडीबरोबरच्या पुस्तकांत सांगितल्या वेळीं बदलावा. कच्च्या रस्त्यानें नित्य जाणें असेल तर त्याआधींच पहावा. हा फिल्टर म्हणजे चराच्या मुखाशीं लावलेली जाळी होय. ती फाटली कीं केरकचरा सरळ पन्हळींत.

मुक्कामाचें ठिकाण पांच मिनिटांवर आलें म्हणजे गारव्याची कळ बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. जाळी सुकते व कुबट वास धरत नाहीं. गाडी चिंचेखालीं किंवा लिंबाखालीं नेहमीं उभी असेल तर काचेखालील पाला दर आठवड्यास काढावा. धान्याच्या कोठाराशेजारीं ठेवलेल्या गाडीच्या पंख्यांत उंदीर घर करतात, तिकडेही लक्ष असावें. आणि हें ठिबकणारें पाणी बाटलींत धरून बॅटरींत घालणारे कांहीं काटकसरी लोक आहेत. त्यांनीं तसें करूं नये. तें धुळीवरून व धातूवरून आलेलें असतें.

ट्रॅक्टर व ऊसतोडणी यंत्र यांच्या केबिनींत जाळी बहुधा छतांत असते. तेथील नळ्या तुंबल्या म्हणजे पाणी चालकाच्या डोक्यावर पडतें. रानांतील धुळीमुळें त्या लवकर भरतात, म्हणून हंगामांत तेथील हवेचा फिल्टर वरचेवर झाडावा. केंद्र शासनाच्या अधिसूचनेप्रमाणें १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींतही चालकाच्या केबिनीस गारव्याची सोय आवश्यक झाली आहे. म्हणजे आपला माल नेणाऱ्या चालकालाही ही माहिती असणें आतां उपयोगाचें आहे.

नीरा खोऱ्याचा धडा

हें सारें लिहितांना माझ्या मनांत सारखा नीरा डावा कालवा येत होता. भाटघरच्या पाण्यानें बारामती व इंदापुराकडील कोरड्या मुलखास ऊस दिला. पण ज्या काळ्या, खोल जमिनींना पाणी भरपूर मिळालें व बाहेर जाण्यास वाट राहिली नाहीं, त्यांपैकीं कित्येक पाणथळ व खारवट झाल्या. डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास करून मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे १९१० सालींच त्यावर पत्रिका प्रसिद्ध केली होती. पाणी वरून दिसत होतें तोंवर कोणी घाबरलें नाहीं. तें खालून वर चढलें तेव्हां पीक गेलें. चाळीस गुंठ्यांच्या शेतांतील कांहीं गुंठे पडीक झाल्याचें पीकपाहणींत लिहितांना तो शेतकरी समोर उभा असे, आणि आपली कोठें चूक झाली हें त्याला ठाऊक असे. "पाणी दिलं, चर नाहीं काढला," एवढेंच तो म्हणे.

मोटारीचें नुकसान त्या मानानें लहान. परंतु दोन्हीकडे माणूस फसतो तो एकाच जागीं: जें आंत येतें त्याचा तो हिशेब ठेवतो, जें बाहेर जावयास हवें त्याचा ठेवीत नाहीं. गारवा कमी झाला तर आपण त्याच दिवशीं तक्रार करतों. थेंब पडावयाचा थांबला तर तें आपल्या गांवींही नसतें.

असो. भाच्याचें काम पुढील तारखेस नकलेवर मार्गीं लागलें. वादाच्या पट्ट्यांत त्यानें यंदा ज्वारी पेरली, आणि पेरण्यापूर्वीं बांधालगतचा बुजलेला चर मला सोबत घेऊन मोकळा केला. दप्तर आतां मी मांडीवर घेऊन बसतों. आणि गाडी कोठेंही थांबली कीं खालीं उतरून आधीं वांकून पाहतों. लोक हंसतात; परंतु खालीं थेंब पडलेला दिसला म्हणजे मला बरें वाटतें. वाचकांनींही येत्या दमट दिवशीं एकदां वांकून पहावें, एवढीच विनंति.